आरामाचं काम

सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात हे पाप समजतात. माझे बाबा गिरणीच्या युनियनमध्ये होते, गिरणी बंद पडल्यावरही होते, आणि त्यांचा एक नियम होता: ज्याच्याखाली नाव नाही ते पत्रक नव्हे, ती कुजबुज. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांच्या मथळ्यांवरून. इतर मुलांचा 'क' कमळाचा असतो, माझा कामगाराचा होता. तेव्हा एका माणसाबद्दल लिहायला बसायचं आणि त्याचं नाव लिहायचं नाही, हे मला जड जातंय. आधीच सांगून ठेवते. कारण पुढे येईल.

सर दर रविवारी सकाळी आठ ते दहा चित्रकलेचा वर्ग घेत. इंदूरमधल्या एका मराठी संस्थेची इमारत, खाली बालवाडी, वर हॉल. हॉलच्या मधोमध एक लाकडी तखत, त्यावर सतरंजी आणि लोड. भोवती आम्ही बारा-तेरा जण मांडीवर बोर्ड घेऊन बसलेले, हातात चारकोलची कांडी. आणि तखतावर मावशी. पुस्तकात ज्याला मानवी देहाचा अभ्यास म्हणतात, तो हा. मावशी पूर्ण साडीत असत. पदर नीट घेतलेला, एक हात डोक्याखाली, गुडघे किंचित दुमडलेले. हे सांगावं लागतं, कारण मी ज्यांना ज्यांना या वर्गाबद्दल सांगितलं त्यांनी आधी तेच विचारलं.

मावशी पन्नाशीच्या. आठवडाभर खालच्या बालवाडीत सेविका. दुपारी पोरांना झोपवणं हे त्यांचं मुख्य काम. रविवारी जिना चढून वर आल्या की सरांना एकच प्रश्न विचारत: "आज बसायचं आहे, का आरामाचं काम?" सर बहुतेक वेळा आरामाचंच सांगत. मावशी तखतावर आडव्या होत, पदर सारखा करत आणि पाच मिनिटांत खरोखर झोपत. काहीही न करण्याचं इतकं चोख काम मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

सर एका शाळेतून ड्रॉइंगचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा संस्थानी काळात दरबारच्या दप्तरात कारकून होते, आणि ते दप्तर नातवाच्या अंगात उतरलं होतं. प्रत्येक रविवारी रजिस्टर. त्यात तारीख, हजेरी, आणि 'स्थिती' असा एक रकाना. स्थितीखाली तीनच शब्द येत: बसणे, उभे, लेटणे. मी पहिल्याच महिन्यात त्यांना सांगितलं की लेटणे हा शब्द मराठीत नाही, पहुडणे आहे. सरांनी रजिस्टराकडे बघितलं, मग तखताकडे.

"पहुडतात राण्या, भिया," ते म्हणाले. "या लेटतात."

भिया, म्हणजे इंदुरी 'भाऊ', ते सगळ्यांना म्हणत. मुलींना, रिक्षावाल्याला, एकदा संस्थेच्या अध्यक्षबाईंनाही. फक्त मावशींना 'बाईसाहेब' म्हणत. आम्हाला ती थट्टा वाटायची. सर थट्टा करत नसत, हे मला उशिरा कळलं.

वर्गाच्या दारात ते पोह्यांचा एक स्टीलचा डबा घेऊन उभे असत. आत शिरणाऱ्याने आपला खोडरबर त्यात टाकायचा. "खोडायचं ते घरी," असं म्हणून ते झाकण लावत. डब्यात गेलेला रबर परत मिळत नसे. माझे तीन गेले, मग मी आणणं सोडलं. अंगठ्याने चारकोल चोळलेलाही चालत नसे. कुणी चोळताना दिसला की सर कानाशी येऊन विचारत, "लोणी आहे का?" कागदावरचं चित्र पक्कं करायला एक फवारा मिळतो, त्यालाही बंदी, कारण त्याच्या वासाने बाईसाहेबांना शिंका येतात. त्यामुळे आमची सगळी चित्रं कच्ची. फुंकर मारली तरी उडतील अशी. परातीत पीठ न्यावं तशी ती आडवी धरून आम्ही घरी नेत असू.

आवाज तर अजिबातच चालत नसे. सर चपला जिन्याखाली काढून हॉलमध्ये मोज्यांवर वावरत, भर मे महिन्यातही. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी बंद करून ठेवलं होतं, काटा वाजतो म्हणून. पंख्याच्या जुन्या गोल रेग्युलेटरवर दोन आणि तीनच्या मध्ये खडूची खूण होती. तीनवर पदर हलतो, दोनवर बाईसाहेबांना घाम येतो.

राहिली कचऱ्याची गाडी. आमचं शहर स्वच्छ आहे याचा आम्हाला अभिमान आहे, आणि त्या अभिमानापायी कचऱ्याच्या गाडीचं गाणं आम्हाला झोपेतही पाठ आहे. गाडी संस्थेच्या गल्लीत नऊच्या सुमारास यायची. गाणं लागलं की मावशींच्या पापण्या हलायच्या, आणि पापण्या हलल्या की सरांचं तोंड कुणी कागदावर चहा सांडल्यासारखं व्हायचं. एका रविवारी ते मोज्यांवरच खाली गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले की भिया, या गल्लीत गाणं बंद ठेव. ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, गाना बंद किया तो ऊपर से फोन आ जाएगा." सरांना ते पटलं. नियम म्हणजे नियम. पुढच्या रविवारपासून ते सातला येऊन गल्लीतल्या सगळ्या घरांचा ओला कचरा एका बादलीत आणि सुका दुसऱ्या बादलीत गोळा करून कोपऱ्यावर नेऊन ठेवू लागले. गाडीला गल्लीत शिरायचं कारणच उरलं नाही. गल्लीचा समज झाला की हे पालिकेचे नवे माणूस आहेत, वयाने जास्त पण वक्तशीर. एका बाईंनी त्यांना दिवाळीला मिठाईचा डबा दिला. सरांनी तो वर्गात वाटला. कुणाकडून, असं विचारल्यावर म्हणाले, "गल्लीकडून."

मी त्या वेळी बावीस वर्षांची होते आणि मला या सगळ्यात एक विक्षिप्त म्हातारा आणि एक राबवून घेतली जाणारी बाई दिसत होती.

महिन्यातून एकदा सर मार्क देत. या वर्गाला परीक्षा नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं, मार्कांचं पुढे काहीही होत नसे. तरी सर देत, आणि आम्ही त्यासाठी झुरत असू. चित्र हातभर लांब धरायचे, तखताकडे बघायचे, पुन्हा चित्राकडे. "पाठ बरोबर. कंबरेला वजन आलं. पाय हवेत आहे. चेहरा जुळला, दहा कमी."

जुळला म्हणून कमी. चेहरा जुळल्याबद्दल मार्क कापणारे चित्रकलेचे मास्तर मला तरी दुसरे माहीत नाहीत. कारण विचारलं तर म्हणत, "मी देह शिकवतो, भिया. चेहऱ्यासाठी आधार कार्डवाले बसलेत." मग आम्ही मावशींच्या देहावर आपापल्या घरातले चेहरे बसवू लागलो. गौतमपुऱ्याहून बसने येणारा एक जण होता, वर्गात सगळ्यांत जुना. तिकडे दिवाळीनंतर दोन बाजूंचे लोक एकमेकांवर हिंगोट, म्हणजे दारू ठासलेली पेटती फळं, फेकतात. त्यात एकदा उजवा हात भाजल्यापासून तो डाव्या हाताने काढायचा. तो कायम आपल्या आत्याचा चेहरा लावायचा. सर म्हणायचे, आत्या छान येतेय.

या गौतमपुऱ्यावाल्याने मला एकदा चहा पिताना सहज सांगितलं होतं, "पहले सर चेहरे के नंबर देते थे. अब काटते हैं." कधीपासून, असं मी विचारलं नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला 'कधीपासून' हा प्रश्न सुचत नाही. 'हे किती दिवस चालणार' हा सुचतो.

मी पत्रक काढलं. एका बाजूला हिंदी, मागे मराठी. वर्गात मराठी आम्ही तिघंच, मी, सर आणि मावशी. मथळा होता 'तखतावरच्या श्रमिकेच्या मागण्या'. दर वीस मिनिटांनी विश्रांती. सतरंजीऐवजी गादी. स्थिती ठरवण्याचा अधिकार. खाली माझं पूर्ण नाव. झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या बोर्डवर एकेक ठेवलं, एक सरांच्या हातात दिलं. सरांनी ते उभ्याने दोनदा वाचलं. मराठी बाजूचे दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मग ते फलकावर टाचलं आणि म्हणाले की मागण्या योग्य आहेत, आजपासून सुरू.

आठ वाजून वीस मिनिटांनी सर मोज्यांवर तखतापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "बाईसाहेब, विश्रांती." मावशी दचकून उठल्या. पाच मिनिटं आमच्याकडे बघत बसल्या. परत आडव्या झाल्या. डोळा लागतोय तोच पुन्हा विश्रांती. चौथ्या विश्रांतीला त्यांनी पाय खाली सोडले आणि विचारलं, हे कुणी काढलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला.

वर्ग सुटल्यावर त्या जिन्यात माझ्याजवळ बसल्या. रागावल्या नव्हत्या. अंबाडा सोडून परत घालत होत्या.

"तुमच्या घरी बायका दुपारी लेटतात का गं बेटा?"

मी म्हटलं, आई जेवल्यावर थोडा वेळ पडते.

"हौ, तुमच्यात चालत असेल. आमच्यात बाई दिवसा लेटत नाही. आजारी पडली तरी बसून आजारी." त्यांनी दातात धरलेली पिन काढून अंबाड्यात खोचली. "इथे दोन तास मला कुणी हाक मारत नाही. उलट हललं तर हलू नका म्हणतात. घरी कोण म्हणतं असं? आणि तू मला वीस-वीस मिनिटांनी उठवायला लावलंस."

त्यांचे पूर्वज दरबारच्या घोडदळात होते. बैठकीत काचेच्या पेटीत तलवार अजून आहे. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. धाकटे दीर विम्याचं काम करत आणि घर चालवत, पण घर अजून घोड्यावरच होतं. हे सगळं त्यांनी पिना खोचता खोचता सांगितलं. रविवारी घरी काय सांगून येता, हे मी विचारलं नाही. हाही एक न विचारलेला प्रश्न.

पुढच्या रविवारी मी पत्रक मागे घेतल्याचं पत्रक काढलं. खाली नाव. सरांनी तेही फलकावर टाचलं, पहिल्याच्या शेजारी.

पण माझ्या मनात एक नवीच ठिणगी पडली होती. जिला घर दिवसा पाठ टेकू देत नाही, तिला हा माणूस चेहरासुद्धा देत नाही. सहा महिने तेरा जण तिचे खांदे, कंबर, पावलं कागदावर उतरवून नेतायत आणि मानेवर मात्र गौतमपुऱ्याची आत्या. यापेक्षा स्वच्छ शोषण मी कुठल्या पत्रकात वाचलं नव्हतं.

वर्षातून एकदा त्याच हॉलमध्ये आमच्या चित्रांचं प्रदर्शन भरे. सगळ्या चित्रांना सर एकच नाव देत: 'आराम'. मी माझं सगळ्यात बरं चित्र घरी नेलं आणि तीन दुपारी बसून त्यावर मावशींचा चेहरा काढला. आठवणीने. डावी पापणी किंचित खाली ओघळलेली. हनुवटीवरचा तीळ. नाकाचा बाक. झोपेत ओठ अर्धवट उघडे राहतात ते. माझ्या हातून तसा चेहरा त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आलेला नाही. बालवाडीच्या बाईंना विचारून मावशींचं नाव घेतलं आणि पट्टीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: त्यांचं, नवऱ्याचं, आडनाव. इंदूरच्या मराठी घरांत ते आडनाव ऐकल्यावर लोक अजून सरळ बसतात. त्याखाली लिहिलं, 'श्रमिक'.

शनिवारी संध्याकाळी सर हॉलच्या त्या टोकाला दोऱ्या बांधत होते तेव्हा मी ते चित्र मधल्या भिंतीवर, मधोमध टाचलं आणि घरी गेले. फार हलकं वाटत होतं.

रविवारी सकाळी सातला सरांचा फोन आला. त्यांनी मला आधी कधी फोन केला नव्हता. म्हणाले, "ये," आणि ठेवला.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तखत भिंतीला लावून त्यावर समई ठेवली होती. सर माझ्या चित्रासमोर मोज्यांवर उभे, काखेत रबरांचा डबा. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"अकराला बाईसाहेबांचे दीर येणार आहेत," ते म्हणाले. "संस्थेचे सचिव. वर्षातून दोनदा येतात. एकदा झेंडा लावायला, एकदा आपल्याकडे दिवा लावायला. घरी माहीत आहे की बाईसाहेब रविवारी बालवाडीची तयारी करतात."

मला जिन्यातली ती सकाळ आठवली. त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, फक्त मी विचारलं नव्हतं तेवढं सोडून.

सर पुढे म्हणाले की चार वर्षांपूर्वी त्या तयार झाल्या तेव्हा त्यांची एकच अट होती. देह घ्या, चेहरा घरचा आहे. त्यानंतर चार वेळा दीर येऊन त्यांच्याच चित्रांसमोर दिवा लावून गेले. एकदा गौतमपुऱ्याच्या आत्यासमोर थांबून, भाव चांगला आलाय, असंही म्हणाले.

मी म्हटलं, मग आम्हाला सांगायचं होतं.

"सांगितलं असतं तर तेरा जणांना कळलं असतं की लपवायचं काहीतरी आहे." सरांनी डबा या काखेतून त्या काखेत घेतला. "त्यापेक्षा मास्तर सनकी आहे हे कळलेलं बरं ना, भिया."

मी डब्याकडे हात केला. माझे तीन रबर त्यात होते. सरांनी डबा मागे घेतला.

"चित्र तुझं आहे, मी हात लावणार नाही. चेहरा त्यांचा आहे, तूही लावायचा नाहीस. बोलावलंय त्यांना."

आम्ही तासभर थांबलो. सरांनी दोनदा खुर्च्या मोजल्या. बाहेर कोपऱ्यावर गाडीचं गाणं वाजून गेलं. गल्लीचा कचरा त्या दिवशीही त्यांनी नेऊन ठेवला होता.

मावशी आल्या त्या समारंभाच्या साडीत. निळी रेशमी, जरीचा काठ. जिना चढून धाप लागलेली, कपाळावर घाम. सर बाजूला झाले. मावशींनी पिशवीतून चष्मा काढला आणि चित्राच्या इतक्या जवळ गेल्या की मला वाटलं आता नाक टेकेल.

"नाक माझ्या वडिलांचं आलंय," त्या म्हणाल्या. मग, "तोंड उघडं राहतं का गं माझं?"

मी म्हटलं, थोडंसं.

"इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही." त्या दोन पावलं मागे आल्या. "छान निजलीय ही."

मग पट्टी वाचली. मोठ्याने, सावकाश, पूर्ण नाव. म्हणाल्या की लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच असं ओळीने लिहिलेलं बघतेय. खालचा शब्द वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बोलले. बोलायला नको होतं, पण बावीस वर्षांची पत्रकं होती माझ्यामागे. मी म्हटलं, "राहू द्या ना, मावशी. बघू देत त्यांना."

"बघतील की," मावशी म्हणाल्या. "मग पुढच्या रविवारी मी कुठे लेटू?"

आमच्या घरातल्या माळ्यावर तीन पोती पत्रकं आहेत, त्यातल्या एकातही याचं उत्तर नव्हतं.

मावशींनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. पदराचं टोक उलटं करून आतल्या बाजूने कपाळ पुसलं, डोळे पुसले, गाल, हनुवटी. दर रविवारी जिना चढून आल्यावर पुसायच्या तसंच. आणि त्याच ओघात, हात खाली न घेता, समोरच्या कागदावरचं तोंडही पुसलं. दोन फटकाऱ्यांत. चारकोल कच्चाच होता.

सर त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. वळले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाकीचं राहू दे ना, बाईसाहेब?"

"हौ. देहाला काय झालंय."

त्यांनी नावाची पट्टी पिनेसकट काढली, चार घड्या घालून कमरेच्या बटव्यात टाकली. सरांनी नवीन पट्टीवर 'आराम' लिहिलं आणि तिथे टाचलं. मग मावशी पाण्याचे ग्लास मांडायला गेल्या. पदराचं काळं झालेलं टोक त्यांनी डाव्या मुठीत धरलं होतं, ते दुपारपर्यंत सोडलं नाही.

अकराला दीर आले. सफारी, कपाळाला गंध, चालण्यात थोडा घोडा. समई लावली, टाळ्या झाल्या, मग भिंतीभिंतीने चित्रं बघत निघाले. सर त्यांच्या मागे एक पाऊल. माझ्या चित्रासमोर ते थांबले. मानेखाली सगळं काही होतं, मानेवर एक करडा ढग. मावशी पेढ्यांचं ताट घेऊन त्यांच्या मागे उभ्या होत्या, एका हाताने, कारण दुसऱ्याची मूठ बंद होती.

"हिला तोंड का नाही?" दिरांनी विचारलं.

सर म्हणाले, मुलगी नवीन आहे, अजून जमत नाही.

दिरांनी मान हलवली आणि पेढा उचलला. "बघा, वहिनी. लोकांच्या बायकांना दिवसाढवळ्या लेटायला वेळ असतो."

"हौ, भाऊजी," मावशी म्हणाल्या. "एकेकीचं नशीब."

प्रदर्शन उतरवताना माझं चित्र मी शेवटी काढलं. मागच्या बाजूला सरांचं पेन्सिलीतलं अक्षर होतं: 'चेहरा जुळला होता. दहा कमी.' ते चित्र आता माझ्या खोलीत आहे, काचेच्या आत. पुसलेल्या जागी पदराची वीण उमटली आहे, जवळ गेलं तर एकेक धागा मोजता येतो. घरी येणारे विचारतात, चेहऱ्याचं काय झालं. मी सांगते, नवीन होते, जमलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मावशी जिना चढून आल्या आणि विचारलं, बसायचं आहे का आरामाचं काम. सर म्हणाले, आराम. मी त्या दिवशी माझ्या मामीचा चेहरा लावला. सरांनी पाठ बरी म्हटली.

वर्ग त्यानंतर दोन वर्षं चालला. मग सरांचे गुडघे जिन्याला नको म्हणू लागले, आणि मुलाने त्यांना भोपाळला न्यायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी त्यांनी डबा उघडून आमचे खोडरबर परत केले. सगळे दगड झाले होते. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले की तुला मागण्या लिहिता येतात, तर एक अर्ज लिही. पण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ आणि श्रमिक हा शब्द घालू नको.

मी लिहिला. हॉलमधलं तखत आता वापरात नसल्याने ते खाली बालवाडीत हलवण्यात यावं, मुलांच्या दुपारच्या विश्रांतीसाठी. एक पान, एकच मागणी. खाली सही सरांची. माझं नाव कुठेही नाही. असा मी लिहिलेला तो पहिलाच कागद, आणि मान्य झाल्यावर मागे घ्यावी न लागलेली माझी आजवरची एकमेव मागणी. मंजुरीची सही सचिवांची आहे.

परवा मी त्या बाजूला गेले होते. दुपारचे दोन वाजले होते, बालवाडीचं दार लोटलेलं होतं, बाहेर मावशींच्या चपला होत्या, आत आवाज नव्हता. पंखा हळू फिरत होता, दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी. मुलं चटयांवर झोपतात. तखत मोठ्या माणसाच्या मापाचं आहे.